नकोसे जाहिरातीचे फोन कसे आवरावेत : कोकणातल्या घरांसाठी

दुपारची जेवणे आटोपून घरातली वडीलमंडळी नुकती कुठे आडवी झालेली असतात आणि फोन वाजतो. पलीकडून कोणीतरी हिंदीत सांगू लागते की तुमच्या नावावर पाच लाखांचे कर्ज मंजूर झालेले आहे. शहरात राहणारा भाचा सल्ला देतो की अनोळखी नंबर उचलूच नये. सल्ला चांगला आहे, पण तो आमच्याकडे चालत नाही. मार्च ते मे या महिन्यांत देवगडच्या किंवा रत्नागिरीच्या बागायतदाराला येणारा प्रत्येक नवा नंबर आंब्याच्या पेटीचा भाव विचारणाऱ्या गिऱ्हाइकाचा असू शकतो. तारकर्लीला किंवा गुहागरला घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देणाऱ्यांचे तर सगळे उत्पन्नच अनोळखी नंबरांवरून येते. मुंबईला असलेल्या मुलाचे काही बरेवाईट झाले, तर तो निरोपसुद्धा बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरूनच येणार. तेव्हा फोन सरसकट बंद ठेवणे हा आपला मार्ग नव्हे. कामाचा फोन आत यावा आणि विक्रीचा बाहेर राहावा एवढीच व्यवस्था करायची आहे, आणि ती ज्या क्रमाने केली असता सोपी जाते त्याच क्रमाने पुढे सांगितली आहे. ज्यांनी यातले काहीच आजवर केलेले नाही, त्यांनी क्रम मोडू नये.

पहिली पायरी : फोन कोणत्या जातीचा आहे ते ओळखणे

फोन उचलण्याआधी पडद्यावरच्या नंबराचे पहिले तीन-चार आकडे पाहण्याची सवय लावावी. नोंदणीकृत विक्रेत्याने जाहिरातीचा फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरावरूनच करावा असा नियम आहे. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कार्यालये यांना आपल्याच ग्राहकाशी सेवेविषयी किंवा व्यवहाराविषयी बोलायचे असेल, तर त्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारी वेगळी मालिका ठेवण्यात आली आहे. म्हणजे १४० दिसले तर विक्री, आणि १६०० दिसले तर बहुधा खरोखरचे काम. साध्या दहा आकडी मोबाइल नंबरावरून घाऊक विक्रीचे फोन करणे नियमात बसतच नाही; पण प्रत्यक्षात त्रास होतो तो बहुतेक याच नंबरांचा, कारण ते आपल्या पेटीच्या गिऱ्हाइकाच्या नंबरासारखेच दिसतात आणि आज एक बंद केला तर उद्या दुसरा उभा राहतो.

संदेशांच्या बाबतीत ओळखणे आता पुष्कळ सोपे झाले आहे. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी, आडव्या रेघेनंतर, एक इंग्रजी अक्षर येते. ‘पी’ असेल तर जाहिरात, ‘एस’ असेल तर सेवेसंबंधी, ‘टी’ असेल तर व्यवहारासंबंधी आणि ‘जी’ असेल तर सरकारी. घरातल्या ज्या माणसाला इंग्रजी वाचता येत नाही त्याला ही चार अक्षरे कागदावर मोठी काढून दिली तर तेवढ्यावर त्याचे काम भागते. आमच्या शेजारच्या काकूंना मी फक्त ‘टी’ हे एकच अक्षर शिकवले, कारण त्यांना पेन्शन जमा झाल्याचा संदेश तेवढा वाचायचा असतो.

दुसरी पायरी : नंबराची नोंद करणे

जाहिराती नकोत अशी नोंद करण्याची सोय भारतात २००७ पासून आहे. बोलीभाषेत तिला सगळे ‘डीएनडी’ म्हणतात. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २०१८ साली यासंबंधीचे नियम नव्याने केले आणि त्यांत २०२५ च्या फेब्रुवारीत महत्त्वाच्या दुरुस्त्या केल्या. नोंदीला पैसे पडत नाहीत. कोणत्याही दुकानात जाऊन कोणाला शंभर-दोनशे रुपये देऊन ती करून घ्यावी लागत नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण तसे देणारी माणसे मला भेटली आहेत.

मोबाइलसाठी कृती अशी. ज्या नंबराची नोंद करायची त्याच नंबरावरून १९०९ ला एक संदेश पाठवायचा. संदेशात इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘स्टार्ट’ हा शब्द, मग एक जागा मोकळी आणि मग शून्य, एवढेच लिहायचे. शून्य म्हणजे सर्व प्रकारच्या जाहिराती बंद. थोड्या वेळाने उलट संदेश येतो. तो पुसून न टाकता ठेवावा. नोंद अमलात यायला थोडा अवधी जातो, म्हणून संध्याकाळी फोन आला तर लगेच रागावू नये.

सगळे बंद करायचे नसेल तर शून्याऐवजी विषयाचा आकडा घालता येतो. १ म्हणजे बँक, विमा, कर्ज आणि क्रेडिट कार्ड, २ म्हणजे जमीनजुमला, ३ शिक्षण, ४ आरोग्य, ५ घरगुती वस्तू आणि वाहने, ६ दळणवळण आणि करमणूक, ७ पर्यटन, ८ खाद्यपेये. फोन कोणत्या वारी आणि कोणत्या वेळेत चालतील हेसुद्धा ठरवण्याची तरतूद नियमांत आहे. पण नव्याने करणाऱ्याने या तपशिलात न शिरता सरळ शून्य पाठवावे असे माझे मत आहे. पर्यटन बंद केले तर आपल्याकडे येणाऱ्या पर्यटकाचा फोन बंद होईल अशी भीती एका खोलीवाल्या दादांना वाटली होती. तसे काही होत नाही. पर्यटक आपल्याला काही विकायला फोन करीत नाही, तो विकत घ्यायला करतो, आणि खासगी माणसाच्या फोनशी या नोंदीचा संबंध नाही. त्याचप्रमाणे बँकेतून येणारे ओटीपी आणि खात्यातली जमाखर्चाची सूचनाही यामुळे अडत नाही.

येथे दोन ठिकाणी हमखास चूक होते. एक म्हणजे दोन सिमकार्डे असलेला फोन. नोंद माणसाच्या नावाने होत नाही, नंबराच्या नावाने होते. तेव्हा दोन्ही सिमांची वेगवेगळी करावी लागते, आणि पाठवताना संदेश कोणत्या सिमावरून जात आहे ते पाहावे लागते. आमच्याकडे रेंजसाठी एक सिम घरात चालते आणि दुसरे फक्त खळ्याच्या टोकाला, त्यामुळे दोन सिमे ही चैन नसून गरज आहे. पण त्यामुळेच नोंद एकाची झाली आणि त्रास दुसऱ्यावर चालू राहिला असे अनेक घरांत घडते. दुसरी चूक रेंजचीच. संदेश गेला असे आपण समजतो आणि तो फोनमध्येच अडकून पडलेला असतो. उलट संदेश आला नाही तर खळ्यावर जाऊन पुन्हा पाठवावा.

ओटीवरच्या साध्या फोनवरून, म्हणजे लँडलाइनवरून, संदेश पाठवता येत नाही. तेथून १९०९ हा नंबर सरळ फिरवावा. फोन निःशुल्क आहे. सूचना ऐकून आकडे दाबत जायचे असते आणि थोडा धीर धरायचा असतो. वयस्कर माणसांना हे जमण्यासारखे असले तरी पहिल्यांदा कोणीतरी शेजारी बसावे. ज्यांना मोबाइलवर ॲप चालवता येते त्यांनी ट्रायचे डीएनडी ॲप किंवा आपल्या मोबाइल कंपनीचे ॲप वापरले तरी चालते.

तिसरी पायरी : तक्रार

नोंद करून माणसे थांबतात, आणि मग महिन्याभराने म्हणतात की त्या डीएनडीचा काही उपयोग नाही. खरी गंमत पुढे आहे. नोंदणीकृत विक्रेते नोंदीमुळे बऱ्याच अंशी थांबतात. दहा आकडी नंबरावरून फोन करणारे नोंदीला जुमानत नाहीत, कारण ते मुळात यंत्रणेच्या बाहेरचे. त्यांच्यावर इलाज फक्त तक्रारीचा.

तक्रारीसाठी चार गोष्टी लागतात : कोणत्या नंबरावरून फोन आला, कोणत्या तारखेला, साधारण किती वाजता आणि कशाची विक्री चालली होती. यासाठी फोनजवळ दोऱ्याने बांधलेली एक वही आणि पेन्सिल ठेवावी. मोबाइलमध्ये नंबर राहतो हे खरे, पण कशाबद्दल फोन होता ते दुसऱ्या दिवशी आठवत नाही. तक्रार फोन आल्यापासून सात दिवसांच्या आत करायची असते. पूर्वी ही मुदत तीन दिवसांची होती आणि ती आमच्यासारख्या, आठवड्यातून एकदा तालुक्याच्या गावी जाणाऱ्या माणसांना फारच अपुरी पडत असे.

तक्रारही १९०९ लाच पाठवायची. प्रथम इंग्रजीत थोडक्यात मजकूर, म्हणजे कशाविषयी फोन होता ते. मग स्वल्पविराम देऊन ज्या नंबरावरून फोन आला तो नंबर. पुन्हा स्वल्पविराम देऊन तारीख, आधी दिवस, मग महिना, मग वर्षाचे शेवटचे दोन आकडे, मधे तिरक्या रेघा. संदेशाची तक्रार असेल तर नंबराच्या जागी पाठवणाऱ्याचे नाव जसेच्या तसे लिहावे. हे लिहिणे अवघड वाटत असेल तर १९०९ ला फोन करून तोंडी सांगता येते, किंवा ॲपमधून करता येते. तक्रारीचा क्रमांक मिळतो, तो वहीतच त्या ओळीपुढे लिहून ठेवावा. दहा आकडी नंबरावरून, नोंदणी नसलेल्याने फोन केला असेल, तर आपल्या नंबराची डीएनडी नोंद झालेली नसली तरी तक्रार घेतली जाते. ही सवलत २०२५ च्या दुरुस्तीने आली.

एका तक्रारीने काय होणार, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो आणि तो वाजवी आहे. नोंदणी नसलेल्या विक्रेत्याविरुद्ध मोबाइल कंपनीने पाच दिवसांत कारवाई करावी असे बंधन आहे. पूर्वी तीस दिवस होते. दहा दिवसांत पाच तक्रारी जमल्या की कारवाईचा उंबरठा ओलांडला जातो. पूर्वी त्यासाठी सात दिवसांत दहा लागत. म्हणजे हिशेब सरळ आहे. हे विक्रेते एका भागातले नंबर ओळीने फिरवतात. सकाळी वरच्या घरी जो फोन आला तोच दुपारी खालच्या घरी येतो. वाडीतल्या पाच घरांनी एकाच नंबराची तक्रार केली तर तेवढ्यावर तो नंबर अडचणीत येऊ शकतो. पहिल्या खेपेला त्या विक्रेत्याच्या सर्व जोडण्यांवरून बाहेर जाणारे फोन पंधरा दिवस बंद होतात; पुन्हा केले तर सगळ्या कंपन्यांकडच्या जोडण्या वर्षभरासाठी तोडल्या जातात. सार्वजनिक पूजेच्या वर्गणीला जशी वाडी एक होते तशी ती या कामाला झाली तर फार बरे होईल, पण अनुभव असा की शिव्या सगळे घालतात आणि संदेश एखादाच पाठवतो.

तक्रार निकालात काढताना कधीकधी ‘ग्राहकाने संमती दिली होती’ असे उत्तर येते. ते ऐकून चिडण्याआधी आठवून पाहावे. तालुक्याच्या प्रदर्शनात सोडतीची चिठ्ठी भरून डब्यात टाकली होती का? मिक्सर घेतला तेव्हा दुकानाच्या वहीत नंबर लिहिला होता का? मोबाइलवर कर्जाचे एखादे ॲप नुसते पाहण्यासाठी उघडून सगळीकडे ‘मान्य’ दाबले होते का? माझ्याच बाबतीत असे झाले. एका सोनाराच्या दुकानात नाव आणि नंबर मी हौसेने लिहून दिला, आणि पुढे दोन वर्षे प्रत्येक सणाला ते दुकान मला न विसरता फोन करीत राहिले. तेव्हापासून अशा ठिकाणी मी नंबर लिहीतच नाही. बिलावर नंबर पाहिजेच असे कोणी म्हणाले तर घरातला दुय्यम नंबर द्यावा.

चौथी पायरी : फोन उचलल्यावर काय बोलावे

कोकणातल्या माणसाची अडचण अशी की त्याला फोन आपटता येत नाही. दारात आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय पाठवायचे नाही, ही सवय फोनवरही तशीच चालते. माझ्या ओळखीचे एक आजोबा विम्याच्या मुलाला आधी ‘खंयचो रे तू, कोणाचो?’ असे विचारीत आणि पंधरा मिनिटे त्याच्या गावाची चौकशी करीत. मुलगा बिचारा खूश होऊन दर आठवड्याला फोन करू लागला. विक्रेत्याच्या यादीत जो माणूस बोलतो त्याच्या नावापुढे चांगली खूण होते, आणि ती यादी पुढे इतरांकडेही जाते. त्यामुळे बोलणे एका वाक्यात संपवावे : ‘मला नको आहे, हा नंबर तुमच्या यादीतून काढा.’ एवढे म्हणून ठेवून द्यावे. मालवणीत ‘माका नको’ म्हटले तरी पुरते. कारण सांगू नये, कारण प्रत्येक कारणाला उत्तर त्यांच्यासमोरच्या कागदावर लिहिलेले असते. ‘पैसे नाहीत’ म्हटले की ते कर्ज देऊ लागतात.

यंत्राचा आवाज असेल आणि ‘अमुक आकडा दाबा’ असे सांगत असेल तर कोणताही आकडा दाबू नये, नकाराचासुद्धा नाही. दाबल्याने नंबर चालू आहे आणि पलीकडे माणूस आहे एवढे त्यांना कळते.

पाचवी पायरी : फोनमधल्या सोयी

ही पायरी मुद्दाम मागे ठेवली, कारण लोक येथूनच सुरुवात करतात आणि मग कामाचे फोन गमावतात. अँड्रॉइड फोनच्या डायलरमध्ये सेटिंगांत ‘कॉलर आयडी आणि स्पॅम’ असा भाग असतो. त्यात संशयित फोन गाळण्याची सोय चालू करता येते. एखाद्या फोनमध्ये नाव किंचित वेगळे असेल. आयफोनमध्ये अनोळखी नंबर गप्प करण्याची सोय आहे, पण आंब्याच्या दिवसांत आणि मे महिन्याच्या सुटीत ती चालू ठेवणे म्हणजे गिऱ्हाईक परत पाठवणे. त्यापेक्षा दुपारी दोन ते चार ‘व्यत्यय नको’ हा प्रकार वेळ लावून ठेवावा आणि घरच्या माणसांचे, डॉक्टरांचे आणि बँकेचे नंबर त्यातून मोकळे सोडावेत. वामकुक्षी शाबूत राहते आणि चार वाजता सुटलेले फोन पाहून परत करता येतात. धंद्याचा नंबर आणि घरचा नंबर वेगळा ठेवणे ज्यांना परवडते त्यांनी तेच करावे. पेटीवर, फलकावर आणि समाजमाध्यमांवर फक्त धंद्याचा नंबर छापावा.

नंबरामागचे नाव दाखवणारी ॲपे पुष्कळजण वापरतात. त्यांतले नाव लोकांनी दिलेले असते, तेव्हा ‘बँक मॅनेजर’ असे दिसले म्हणून तो बँक मॅनेजर ठरत नाही.

सहावी पायरी : विक्री नव्हे, फसवणूक

आतापर्यंतचे सर्व फोन नुसते त्रासाचे. पण त्याच आवाजात, त्याच वेळी, घर रिकामे करणारे फोनही येतात, आणि त्यांची तक्रार १९०९ ला करून भागत नाही. आमच्या भागात तीन प्रकार विशेष चालतात.

पहिला टॉवरचा. ‘तुमच्या जमिनीत मोबाइलचा टॉवर बसवतो, महिन्याला इतके हजार भाडे आणि लाखोंची अनामत देतो, फक्त आधी नोंदणीचे पैसे भरा.’ ज्या गावात रेंज शोधत माणूस काजूच्या झाडाखाली जाऊन उभा राहतो, तेथे हे आमिष लागू पडते यात नवल नाही. पडीक कातळाला भाडे मिळणार आणि गावाला रेंजही मिळणार! ट्राय किंवा दूरसंचार विभाग टॉवरसाठी जागा भाड्याने घेण्याच्या व्यवहारात नसतात आणि त्यासाठी कसलीही फी घेत नाहीत. टॉवरसाठी जागामालकाकडे आगाऊ पैसे मागितले की तो फोन खोटा, एवढे ध्यानात ठेवावे. सातबाराचा फोटोही पाठवू नये.

दुसरा विजेचा. ‘मागचे बिल जमा दिसत नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या नंबरावर बोला’ असा संदेश किंवा फोन येतो. पावसाळ्यात वीज तशीही जात असते, त्यामुळे संदेश आल्यावर दिवे गेले की माणूस घाबरून त्या नंबरावर बोलतो. बिलाची शंका असेल तर महावितरणच्या १९१२ या नंबरावर स्वतः फोन करावा किंवा वायरमनला विचारावे.

तिसरा, आणि सर्वांत वाईट, पोलिसांच्या नावाचा. ट्रायमधून बोलतो, दोन तासांत तुमचा नंबर बंद होईल, असे सांगून सुरुवात होते. मग फोन ‘पोलिसांकडे’ जोडला जातो आणि व्हिडिओवर गणवेश घातलेला माणूस ‘डिजिटल अटक’ झाल्याचे सांगतो. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही, आणि नंबर बंद करण्यासाठी ट्राय कोणाला फोन करीत नाही. एकट्या राहणाऱ्या आईवडिलांना हे नुसते सांगून पुरत नाही. असा फोन आला तर तो ठेवून आधी शेजारच्या घरी जायचे, एवढी एकच कृती त्यांच्याकडून ठरवून घ्यावी. ‘कोणाला सांगू नका’ असे पलीकडून म्हटले गेले की लगेच कोणाला तरी सांगायचे.

असे फोन, संदेश किंवा व्हॉट्सॲप आले आणि पैसे गेलेले नसले, तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर किंवा ॲपवर ‘चक्षू’ नावाची सोय आहे, तेथे कळवावे. ती २०२४ च्या मार्चमध्ये सुरू झाली. पैसे गेले असतील तर मात्र चक्षू नाही, १९०९ नाही. त्या क्षणी १९३० हा सायबर गुन्ह्यांचा नंबर फिरवावा आणि लगोलग बँकेला कळवावे. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतात, आणि मधेच गोठवता आले तरच परत मिळण्याची शक्यता असते. तालुक्याच्या ठाण्यात जायला एसटीची वाट पाहत बसण्याआधी हे दोन फोन झालेले असावेत.

‘संचार साथी’वरच आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते पाहता येते. गणपतीला चाकरमानी घरी येतात तेव्हा एका दुपारी हे काम करून टाकावे : आईवडिलांच्या दोन्ही सिमांची नोंद झाली आहे का ते तपासावे, त्यांच्या नावावर अनोळखी जोडणी निघाली तर तेथल्या तेथे ‘माझी नाही’ असे कळवावे, आणि १९०९, १९१२, १९३० हे तीन नंबर कशासाठी आहेत ते मोठ्या अक्षरांत लिहून फोनशेजारच्या भिंतीला चिकटवावे. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लावावा, नाहीतर श्रावणातल्या दमट हवेने पुढच्या गणपतीपर्यंत अक्षरे राहत नाहीत.